गुडघा बदलल्यावर मागावर परत जाताना
काका, हिशेबाच्या टेबलावर दीड महिन्यात बसाल. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर उभं राहायला तीन महिने तरी धरा, तेही सर्जन हो म्हणाले तर. सुरुवातीला अर्धीच पाळी मागा. खरी गडबड वळताना होते: तुटलेला धागा जोडून शेजारच्या मागाकडे वळताना पाय रोवून गुडघा पिळू नका, छोटी पावलं टाकत अख्खं अंग वळवा. फरशीवर तेल असतंच, चप्पल नकोच, न घसरणारे बूट घाला. बसायला स्टूल १८-२० इंच उंच. मांडी घालून डबा खाणं आता बंद. संध्याकाळी सूज येणारच. पाय उशांवर उंच, बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. सकाळीही उतरली नाही, तर काल जास्त उभे राहिलात. पोटरी दुखून गरम, लाल झाली तर मात्र पाळी सोडून लगेच दवाखाना. रक्ताची गुठळी असू शकते.