गोळी सुरू करण्याआधी जुन्या आजाराचं सांग

*ताई, मी २९ वर्षांचा, भांडुपला आई-बाबांसोबत राहतो. तीन वर्षांत कपाळ मागे सरकलं, आता टाळूवरही विरळ झालंय. घरी माझ्यासाठी स्थळं बघतायत. अंधेरीच्या एका क्लिनिकमध्ये गेलो तर पाच मिनिटांत फिनास्टराईडची गोळी आणि मिनॉक्सिडिल लिहून दिलं, वर पीआरपी आणि हेअर ट्रान्सप्लांटचं हप्त्यांवरचं पॅकेज समोर ठेवलं. ऑफिसातला मित्र म्हणतो, ती गोळी घेतलीस तर लग्न करून उपयोग काय! आई म्हणते, माक्याचं तेल लाव. दोन वर्षांपूर्वी मला डिप्रेशन आलं होतं. वर्षभर औषधं घेतली, आता ठीक आहे. क्लिनिकमध्ये ते कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त निघाला तर तोवर केस येतील का? गोळी घेऊ की नको? आणि हे सगळं मुलीला सांगायचं का?*
*— नाव नको, भांडुप*

प्रिय मित्रा,

तू शेवटाकडे घाईघाईत लिहून टाकलेली गोष्ट मी सगळ्यात आधी घेते. दोन वर्षांपूर्वीचं डिप्रेशन. तुझ्या बाबतीत गोळीचा निर्णय तिथेच अडतो.

मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या सुरक्षा समितीने सगळी माहिती तपासून फिनास्टराईडच्या गोळ्यांचा एक दुष्परिणाम मान्य केला: आत्महत्येचे विचार. नोंद झालेल्या बहुतेक घटना केसांसाठी १ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांच्या होत्या. अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकात नैराश्याचा उल्लेख त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. लाखो पुरुष ही गोळी घेतात आणि त्यातल्या बहुतेकांना असं काही होत नाही, हेही तितकंच खरं. पण ज्याचं मन एकदा आजारी पडून गेलंय, त्याला काही न विचारता पाच मिनिटांत ही गोळी लिहून देणं मला अजिबात पटत नाही. तुझ्यावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा घेऊ नकोस. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर तो विषय तिथेच संपला. ‘चालेल’ म्हणाले, तर घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेव, म्हणजे तुझा मूड, झोप, चिडचिड यांत काही फरक दिसला तर ते माणूस तुला सांगेल. आपल्यात होणारा असा बदल आपल्याला स्वतःला फार उशिरा दिसतो.

आता मित्राच्या बोलण्याबद्दल. तो घाबरवतोय, पण पूर्ण खोटं बोलत नाहीये. पुरुषांच्या टक्कलामागे डीएचटी नावाचं संप्रेरक असतं. ते कपाळाकडच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं हळूहळू बारीक करत नेतं. फिनास्टराईड शरीरात डीएचटी तयार होणं कमी करतं. हे संप्रेरक पुरुषी असल्यामुळे परिणाम केसांपुरता राहील याची खात्री नसते. इच्छा कमी होणं, ताठरता कमी पडणं, वीर्य कमी येणं, अशा तक्रारी औषधाच्या मूळ चाचण्यांत शंभरातल्या सुमारे चार जणांनी केल्या. औषध नसलेली नुसती गोळी दिलेल्यांतही शंभरातल्या दोघांनी केल्या. गोळी थांबवल्यावर बहुतेकांचा त्रास गेला. काही थोड्या पुरुषांनी मात्र थांबवल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलं आहे आणि २०१२ पासून अमेरिकेतल्या माहितीपत्रकात त्याची नोंद आहे. हा धोका लहान आहे, पण तो नाहीच असं तुला कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

इटलीत झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही तुला माहीत असावा. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढल्यामुळे फिनास्टराईड घेणाऱ्या पुरुषांचे त्यात दोन गट केले होते. एका गटाला लैंगिक दुष्परिणामांची आधी कल्पना दिली, दुसऱ्याला दिली नाही. कल्पना दिलेल्यांत सुमारे ४४ टक्क्यांनी तक्रार केली, दुसऱ्या गटात सुमारे १५ टक्क्यांनी. म्हणजे भीतीही त्रास देते, आणि तो त्रास त्या माणसाला खराच होत असतो. मित्राचं वाक्य डोक्यात घेऊन रोज रात्री स्वतःची परीक्षा घेत बसणार असशील, तर ते औषध तुला आत्ता तरी मानवणार नाही.

फायद्याची बाजूही कमी लेखू नये. १८ ते ४१ वयाच्या पुरुषांवरच्या पाच वर्षांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या दहापैकी नऊ जणांची टाळू आणखी विरळ झाली नाही. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्या चारपैकी तिघांची झाली. टाळूवर ती चांगलं काम करते, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत त्यामानाने कमी. आणि ती बंद केली की वर्षभरात राखलेले केसही जातात. त्यामुळे ‘लग्नापुरती घेतो’ हा हिशेब इथे बसत नाही.

मिनॉक्सिडिल तुलनेने सोपं आहे. मुळात ते रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि त्यावरून पुढे डोक्याला लावायचं द्रावण आलं. टाळूला खाज, कोरडेपणा, कोंड्यासारखे पापुद्रे हे त्याचे नेहमीचे त्रास. बऱ्याचदा ते द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या रसायनामुळे होतात आणि फोम वापरला की कमी होतात. छातीत धडधड, चक्कर, पायांवर सूज असं काही जाणवलं तर थांबवून डॉक्टरांना दाखव. याच औषधाची कमी मात्रेची गोळीही हल्ली देतात, पण ती रक्तदाब आणि हृदय तपासल्याशिवाय घेऊ नये. घरात मांजर असेल तर फार जप. तिच्यासाठी हे द्रावण विष आहे. डोकं किंवा उशी चाटूनही तिचा जीव जाऊ शकतो.

मुहूर्ताचं विचारलंस. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अनेकांचे केस आधी जास्त गळतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. म्हणजे तू कांदेपोह्यांना बसशील तेव्हा कदाचित आजच्यापेक्षा थोडे कमीच केस असतील. हे आधी माहीत असलं की पाचव्या आठवड्यात घाबरून बाटली फेकून देणार नाहीस. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात टाळूचा फोटो काढ आणि सहा महिने झाल्यावरच तुलना कर.

आता पॅकेज. सही करू नकोस. पीआरपीत आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचतात. काहींना फायदा होतो, पण किती वेळा, कशा पद्धतीने, याची एकच ठरलेली रीत नाही. आधी साध्या औषधाला सहा महिने दे. ट्रान्सप्लांटचं तर मी तुला आत्ता स्पष्ट नको म्हणेन. तुझे केस अजून मागे सरकतायत. पुढे लावलेले राहतील, त्यांच्या मागचे स्वतःचे जातील आणि मधे मोकळी जागा उरेल. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मोजकेच असतात, ते एकदा खर्च झाले की संपले. २०१९ मध्ये मुंबईतच एका माणसाच्या डोक्यावर एका बैठकीत हजारो ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट काढलेले केस, लावले आणि दोन दिवसांत तो गेला. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने या शस्त्रक्रियेबद्दल सूचना काढल्या. कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूबवर बघून हे काम करता येणार नाही, असं त्यात म्हणावं लागलं, यावरून काय ते समज. पुढे कधी हा विचार केलासच, तर चिरा कोण देणार, डॉक्टर की टेक्निशियन, हे समोर बसून विचार आणि डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघ.

आईला तेल लावू दे. खोबरेलाने केस तुटणं कमी होतं आणि आईलाही बरं वाटेल. माक्याने टक्कल भरून येईल ही आशा मात्र ठेवू नकोस, आणि मिनॉक्सिडिल लावायच्या वेळी टाळू तेलकट नको. टक्कल बरं करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. औषधांनी असा दावा करू नये म्हणून आपल्या कायद्यात आजारांची एक यादी आहे आणि तीत टक्कल आहे.

मुलीला सांगायचं का? हो. बायोडेटावर आजचा फोटो लाव. पहिल्याच भेटीत औषधांची यादी वाचायला नको, पण बोलणी पुढे सरकली आणि विश्वास वाटू लागला की डिप्रेशनचंही सांग. उद्या ही गोळी घ्यायची ठरली तर तिला ते माहीत असलंच पाहिजे. गरोदर बाईने चुरडलेली किंवा फुटलेली फिनास्टराईडची गोळी हाताळू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. काही पुरुषांत शुक्रजंतूही कमी होतात, म्हणून मुलाचा विचार कराल तेव्हा डॉक्टरांशी पुन्हा बोलावं लागेल.

या आठवड्यात एवढं कर. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घे. मग सायन किंवा केईएमच्या त्वचारोग ओपीडीत केसपेपर काढ. तिथे तुला पॅकेज विकायला कुणी बसलेलं नसतं. रांग लागेल, सुट्टी टाकून जा. डिप्रेशनच्या औषधांचं जुनं प्रिस्क्रिप्शन बरोबर ने आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ते टेबलावर ठेव. थायरॉइड आणि लोहाची तपासणी करावी का, तेही विचार. गेल्या काही महिन्यांत डेंग्यू किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर सांग, त्यानेही दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि ते आपोआप परत येतात. बायोटिनच्या गोळ्या खात असशील तर रक्त देण्याआधी तेही सांग, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

आणि मधल्या काळात मन पुन्हा खाली गेलं, जगणं नको वाटलं, तर कुणाच्या वेळेची वाट बघू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की लिही.

— तुझी ताई