मुंबईत पाणी तुंबलं की लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) रुग्ण लगेच न दिसता आठवड्या-दोन आठवड्यांनी का वाढतात?

कारण जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, कधी महिनाभरही. लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो, त्यांना फारसा त्रास न देता, आणि लघवीतून बाहेर पडतो. कुत्री, गुरंही तो पसरवतात. एरवी ही घाण गटाराकाठी, बिळांपाशी असते. पाणी भरलं की तीच हिंदमाता, मिलन सबवे अशा सखल भागांत आपल्या गुडघ्यापर्यंत येते. पायावरची चीर, चप्पल चावून झालेली जखम, चिखल्या, एवढी वाट जिवाणूला पुरते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, आणि त्यानंतर लेप्टोची मोठी साथ आली.

साथरोगतज्ज्ञ हे असं शोधतात: प्रत्येक रुग्णाला ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते आलेखावर मांडायचं, आणि तो कुठल्या पाण्यातून चालला ते विचारायचं. आलेखाचा उंचवटा पुराच्या तारखेनंतर नेमका अधिशयन काळाएवढ्या (जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंतच्या दिवसांएवढ्या) अंतरावर आला, तर उगम कळतो. माणसाकडून माणसाला हा रोग सहसा होत नाही, त्यामुळे पाणी ओसरून हा काळ सरला की रुग्णही हळूहळू कमी होतात.

तुम्ही पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्सिसायक्लिन या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा, जखम असेल तर नक्कीच. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर डॉक्टर वेगळं औषध ठरवतात. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. पहिल्या काही दिवसांत अँटीबॉडीची (शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांची) तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते.