सगळ्यांचा चेहरा एकच, मग वैविध्य कुठे?

प्रश्न : ‘अनोमलिसा’ (२०१५) या बाहुल्यांच्या अमेरिकी चित्रपटात नायक मायकल आणि त्याला हॉटेलात भेटणारी लिसा सोडून सगळ्यांना एकच चेहरा आणि एकाच पुरुषाचा आवाज आहे, बायकामुलांनाही. मग यात वैविध्य उरलं कुठे?

उत्तर : हा सारखेपणा मायकलच्या नजरेतला आहे, जगातला नाही. तो उतरतो त्या हॉटेलचं नावच फ्रेगोली. निरनिराळी माणसं म्हणजे वेश पालटून आलेली एकच व्यक्ती, असं वाटण्याच्या भ्रमाला हे नाव आहे. झटपट वेश बदलणाऱ्या एका इटालियन नटावरून ते पडलं. बाकी सगळ्यांना आवाज देणाऱ्या टॉम नूनन यांनी बायको, मुलगा, टॅक्सीवाला या सगळ्यांची वाक्यं जवळपास एकाच पट्टीत म्हटली आहेत. त्यांनी बायकी आवाज काढला असता तर त्या नकला झाल्या असत्या आणि मायकलची घुसमट आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

न्याहारीचा प्रसंग कान देऊन ऐका. लिसाच्या आवाजात नूनन यांचा आवाज हळूहळू मिसळू लागतो. लिसा तीच असते, मायकलचं ऐकणं बदललेलं असतं. शेवटी गाडीत तिची मैत्रीण दिसते ती स्वतःच्या वेगळ्या चेहऱ्यानिशी, कारण तिथे मायकल नाही. सगळा चित्रपट या एका क्षणावर तोललेला आहे.

तरी तुमचा आक्षेप पुरता मिटत नाही. ‘कुणाचाही’ म्हणून निवडलेला चेहरा गोरा आणि आवाज पुरुषाचा आहे, आणि लिसाही बराच काळ मायकलच्या गरजेपुरतीच दिसते. ही मर्यादा खरी आहे.

प्रश्न : ‘बोजॅक हॉर्समन’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतल्या डायनच्या आवाजावरून वाद का झाला? चित्रमालिकेत कलाकार दिसतो कुठे?

उत्तर : दिसत नाही, पण काम कुणाला मिळालं हे उरतंच. डायन न्विन व्हिएतनामी-अमेरिकी आहे आणि तिचा आवाज ॲलिसन ब्री या गोऱ्या अभिनेत्रीचा. मालिका २०१४ ते २०२० चालली. २०२० मध्ये ब्री यांनी जाहीर माफी मागितली. डायनचं परकेपण तिच्या घराण्याशी, भाषेशी जोडलेलं आहे. ते आतून जाणणारं माणूस आवाजात आणि लेखनात हवं, तेही सुरुवातीपासून.

प्रश्न : आम्ही एकटेपणावर पाच मिनिटांचा बाहुलीपट करतोय. सगळ्यांना एकच चेहरा द्यायचा आहे. काय सांभाळावं?

उत्तर : आधी आवाज ध्वनिमुद्रित करा, मगच बाहुली थोडी थोडी हलवून एकेक फोटो काढा. सेकंदाला २४ फ्रेम धरून प्रत्येक फोटो दोन फ्रेम ठेवलात तर सेकंदाला १२ फोटो लागतात, म्हणजे पाच मिनिटांना ३,६००.

हावभाव बदलताना तुकडे बदलता यावेत म्हणून चेहरा दोन तुकड्यांत करा : वर भुवया-कपाळ, खाली तोंड-हनुवटी. वरचे ६ आणि खालचे ८ केलेत तर ४८ हावभाव मिळतात. खालचे आठ असे : मिटलेले ओठ (प, फ, ब, भ, म), अर्धवट उघडे, आ, ताणलेले (इ, ए), उ, ओ, खालचा ओठ दाताला (व), आणि हसू. ‘म’ला ओठ आवाजाच्या १-२ फ्रेम आधी मिटवा, नाहीतर तोंड मागे पडल्यासारखं वाटतं. ‘अनोमलिसा’त दोन तुकड्यांमधली फट मुद्दाम ठेवली आहे, तुम्हीही ती लपवायच्या मागे लागू नका.

सगळ्या तुकड्यांचा रंग एकाच वेळी, एकाच भांड्यात कालवा. वेगळ्या घाण्यातला रंग आला की तोंड बदलताना गाल लुकलुकतात. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर (उजेड आपोआप जुळवणं) आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणं) बंद ठेवा.

आणि तो एक चेहरा कुणाचा, हे रंग कालवण्याआधी ठरवा. ‘सर्वसामान्य’ म्हणून गोरा चेहरा आणि प्रमाण मराठी, आणि वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा फक्त हशा पिकवायला, असं झालं तर तो सारखेपणा पात्राच्या मनातला राहत नाही, तुमचा होतो. निदान एका दृश्यात पात्राची नजर बाजूला करून बाकीच्यांचे खरे, वेगवेगळे चेहरे दाखवा. त्यासाठी चार-पाच जादा डोकी आत्ताच करून ठेवा.