सिलॅबसमध्ये डिरेक्टरी सबमिशन आहे, फी भरू का?

भांडुपच्या एका ताईंनी लिहिलंय, मुलगा बीकॉम झालाय, दादरच्या एका क्लासमध्ये एसईओचा (म्हणजे गूगलच्या शोधात आपली साइट वर आणायचं काम) 3 महिन्यांचा कोर्स करायचा म्हणतोय, फी 45,000, आणि त्याचे बाबा म्हणतात हे सगळं जुनं झालं, आता एआयच उत्तरं देतं. सिलॅबसचा फोटोही पाठवलाय, बरं केलंत ताई, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

त्यात मेटा कीवर्ड्सला, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहायच्या शब्दांच्या यादीला, अख्खं लेक्चर आहे. अहो, गूगलनेच 2009 मध्ये सांगितलं की रँकिंगसाठी आम्ही तो टॅग बघतच नाही! पुढे डिरेक्टरी सबमिशन, म्हणजे शेकडो यादीवाल्या साइट्सवर आपली लिंक टाकत बसायचं. एकेकाळी डीमॉझ नावाची माणसांनी सांभाळलेली मोठी डिरेक्टरी होती, तिच्यात नाव लागणं मानाचं होतं, ती 2017 मध्ये बंद झाली. आणि विकतच्या, ढिगाने टाकलेल्या लिंक्सवर तर 2012 च्या पेंग्विन नावाच्या गूगलच्या बदलापासूनच गदा आली, साइट्स वर चढायच्या सोडून खाली घसरायला लागल्या. एकच लेख शब्द फिरवून दहा ठिकाणी टाकणं, पानात तोच शब्द कोंबणं, हेही त्यातलंच. आणि युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सचे, म्हणजे साइटवर किती लोक आले ते मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या साधनाचे, 4 तास लिहिलेत, ते तर गूगलने 2023 च्या जुलैत बंद केलं, म्हणजे हा सिलॅबस त्यानंतर कोणी उघडूनच बघितला नाही.

पण म्हणून जुनं ते सगळं फेका असं मी म्हणणार नाही, बाबांचं इथे थोडं चुकतंय. पानाला नीट टायटल देणं, एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला लिंक असणं, साइट मोबाईलवर पटकन उघडणं, लोक नेमके कोणते शब्द टाइप करतात ते शोधणं, हे सगळं जुनंच आहे आणि आजही लागतं. मी साधा फरक बघते, जे मशीनला फसवायला काढलं होतं ते गेलं, जे वाचणाऱ्याच्या सोयीचं होतं ते टिकलं.

एआयचं म्हणाल तर 2024 च्या ऑगस्टपासून भारतातही गूगल सगळ्यात वर एआयचं तयार उत्तर दाखवायला लागलंय, "चकली तेलात का विरघळते" असल्या प्रश्नाला लोक साइट उघडायचे कष्ट घेतीलच असं नाही. पण भांडुपात चकली ऑर्डर करायची तर दुकान, फोन नंबर, वेळ लागणारच ना.

तुम्ही लिहिलंय की तुमची बहीण फराळाच्या ऑर्डरी घेते. मग मुलाला आधी तेच द्या. तिचं गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलवर आणि मॅपवर दिसणारं धंद्याचं पान) बनवायला सांगा, फुकट आहे, व्हेरिफिकेशनला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. खरे फोटो, वेळा, नंबर टाकायचा, 4 पानांची छोटी साइट करायची, सर्च कन्सोल, म्हणजे लोक गूगलवर काय शोधून साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं साधन, जोडायचं (तेही फुकट) आणि लोक "चकली" मराठीत लिहून येतात की इंग्रजी अक्षरांत, ते बघायचं. हो, आणि सगळ्या आत्या-मावश्यांकडून एका रात्रीत पाच स्टार घेऊ नका, खोटे रिव्ह्यू गूगल काढून टाकतं, उगाच प्रोफाइल अडकायचं. 2-3 महिने हे केलं की इंटरव्ह्यूमध्ये दाखवायला स्वतःचे आकडे असतील, फ्रेशरकडे सर्टिफिकेट असतं पण हे नसतं.

तरी क्लास लावायचाच असेल तर मुलाने सरांना एकच विचारावं, तुमच्या स्वतःच्या साइटचं सर्च कन्सोल उघडून दाखवता का? टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत या. फी भरायची शेवटची तारीख शनिवार आहे म्हणता, जाऊ द्या तो शनिवार, अशा बॅचेस दर महिन्याला सुरू होतात.