वाचकांचे प्रश्न : अंधारी गल्ली आणि शेजारची माउली

प्रश्न : सातपूरच्या आमच्या गल्लीत रात्री दारुड्यांचा अड्डा बसतो. शेजारच्या विधवा बाईला दोन लहान मुलं, कमाई धुणीभांड्यांची. प्रभाग समितीकडे नेमकं काय मागावं?

उत्तर : पोलीस आयुक्तालय राज्याच्या गृह खात्याखाली येतं, गस्तीचा हुकूम प्रभाग समिती देऊ शकत नाही. गस्तीसाठी पोलीस ठाण्यात गल्लीतल्यांच्या सह्यांचा अर्ज द्या, त्यात वार आणि वेळ लिहा. ऐन वेळी ११२ वर फोन करा. समितीकडे मागा ते पथदिवे आणि मोकळ्या भूखंडाची साफसफाई. ‘दिवे बंद आहेत’ एवढंच लिहिलं की अर्ज पडून राहतो. खांबाचा क्रमांक टाका, शिक्क्याची पोच घ्या.

त्या माउलीचं काम मात्र आजच हाती घ्या. बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये तहसीलमार्फत, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अवघी २१,००० रुपये. पतीचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलांचे बोनाफाईड जोडा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात, म्हणून आधी बँकेत जा.