नगरपंचायत झाली, आता सीआरझेड-२ लागणार का?

प्रश्न: आमचं गाव कोकणात, अगदी समुद्राला लागून. मध्यंतरी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. माझा एनए प्लॉट भरतीरेषेपासून साधारण १२० मीटरवर आहे. एजंट म्हणतो, आता तुम्ही शहरात आलात, सीआरझेड-२ (किनारा नियमन क्षेत्राचा शहरी भागासाठीचा वर्ग) लागणार, बिनधास्त बांधा. खरंय का?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर: एजंटला म्हणावं, हे जरा लेटरहेडवर लिहून दे, मग बघा कसा गायब होतो ते!

अहो, पाटी बदलली म्हणून गाव सीआरझेड-२ मध्ये जात नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत सीआरझेड-२ ची व्याख्या दिलीय, ती अशी की जागा आधीपासूनच्या नगरपालिका हद्दीत किंवा कायद्याने शहरी ठरवलेल्या भागात हवी, हे झालं पहिलं, पण तेवढ्यावर भागत नाही, तिथल्या एकूण प्लॉटपैकी ५० टक्क्यांहून जास्त प्लॉटवर बांधकाम झालेलं हवं आणि वर रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाण्याच्या लाइनी वगैरे सोयीही हव्यात. आता सांगा, तुमच्याकडे ड्रेनेज लाइन आहे की घरोघरी सेप्टिक टँक? बरीच गावं इथेच अडकतात. मला विचाराल तर ही अट बरोबरच आहे, सोय नसताना इमारती उठल्या तर घाण शेवटी समुद्रातच जाणार ना.

या व्याख्येत न बसलेला किनारा बहुतेक सीआरझेड-३ मध्ये जातो आणि तुमच्या १२० मीटरचा खरा खेळ तिथे आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर ३-अ, म्हणजे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र (तेही २०१९ च्या नियमांप्रमाणे केलेला नवीन किनारा आराखडा मंजूर असेल तरच, नाहीतर २०० च धरायचे), आणि घनता कमी असेल तर ३-ब, थेट २०० मीटर. म्हणजे ३-अ आलं आणि आराखडा मंजूर असेल तर तुमचा प्लॉट ना-विकास पट्ट्याच्या बाहेर, ३-ब आलं तर पूर्ण आत, आणि आत असाल तर जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा आहे त्याच मापात पुनर्बांधणी सोडून नवीन घर विसराच. बाहेर असलात तरी परवानगी लागतेच हं.

आणि समजा उद्या खरंच सीआरझेड-२ निघालं, तरी आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच बांधता येतं. समुद्राकडे नवीन रस्ता टाकून मग त्याच्या मागे बंगला, ही आयडिया चालत नाही, लोकांनी ती आधीच करून बघितलीय.



मंजूर किनारा आराखड्याच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर टाकून घ्या, भरतीरेषा आणि पट्टा त्यावरच कळेल. एनए (बिगरशेती) ऑर्डर दाखवून कोणी ‘झालं की’ म्हणालं तर ऐकू नका, ती परवानगी वेगळी, ही वेगळी. बांधकामाचं बघायचं ते मात्र नकाशा हातात आल्यावरच.