‘बोट लागणे’ की ‘समुद्री आजार’?

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीतला ज्येष्ठांचा गट मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला निघालाय आणि सहलीचं इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायचं काम त्यांच्या गळ्यात पडलंय. ‘सी-सिकनेस’ला काय लिहावं? ‘समुद्री आजार’ चालेल का? ‘बोट लागणे’ त्यांना जरा घरगुती वाटतंय.

घरगुती आहे म्हणूनच तेच लिहा. ‘समुद्री आजार’ वाचून जहाजावर कसली तरी साथ आलीय असं वाटेल आणि निम्मी मंडळी तिकीट रद्द करतील. ‘बोट लागणे’ म्हटलं की लगेच कळतं, शिवाय बिचकायला होत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, पणजीकडे आगबोटी जात, त्या काळापासून हा प्रयोग पक्का रुजलेला आहे. त्यात थोडी गंमतही आहे: बोट धक्क्याला लागली तर सुटलो, मला लागली तर मेलो.

व्याकरण पाहा. ‘मी आजारी पडलो’ यात कर्ता मी. ‘मला बोट लागली’ यात कर्ता बोट आणि मी नुसता सोसणारा. म्हणून क्रियापद वाहनाप्रमाणे बदलतं: एसटी लागते, ट्रक लागतो, विमान लागतं. ‘क्रूझ लागते’ हेही बिनदिक्कत लिहा. ऊन लागणे, सुपारी लागणे ही याच कुळातली भावंडं. बाहेरची वस्तू येऊन बाधते, हा भाव सगळ्यांत सारखा. आणि लिंग सांभाळा. ‘बोट लागली’ म्हणजे पोट ढवळलं, ‘बोट लागलं’ म्हणजे कुणाचं तरी बोट डोळ्यात गेलं.

आपल्या शब्दात जहाज आहे तसं इंग्रजीतल्या ‘नॉशिया’त, म्हणजे मळमळीच्या शब्दातही आहे. तो शब्द ग्रीक ‘नाउस’ म्हणजे जहाज यावरून आला, आणि हा ‘नाउस’ संस्कृत ‘नौ’चा सख्खा भाऊ. म्हणजे डॉक्टरांचा नॉशिया आणि आपली नौका एकाच घरातल्या.

आता माहितीपत्रकातल्या दोन जागा, जिथे भाषांतर हमखास घसरतं.

पहिली लक्षणांची. मूळ मजकुरात लाळ वाढण्याचा उल्लेख असेल. त्याचं ‘तोंडाला पाणी सुटते’ करू नका. वाचणाऱ्याला जिलबी आठवेल. ‘तोंडात सारखी लाळ येते’ असं सरळ लिहा. त्याबरोबर जांभया, थंड घाम आणि चेहरा पांढराफटक पडणं ही सुरुवातीची चिन्हं. मग मळमळ, मग उमासे, शेवटी उलटी. मळमळ आणि उमासा एक नव्हे: मळमळीत नुसतं ढवळतं, उमाशात पोट वर उसळतं पण बाहेर काही पडत नाही. मराठीत हा फरक करणारे शब्द असताना सगळीकडे ‘अस्वस्थता’ कशाला?

दुसरी जागा जास्त महत्त्वाची, कारण तिथे चुकीच्या प्रत्ययाने माणूस आडवा होतो. ‘बोट लागल्यास गोळी घ्यावी’ असं लिहू नका. ‘बोट लागू नये म्हणून आधीच गोळी घ्यावी’ असं लिहा. एकदा ढवळायला लागलं की जठराचं काम मंदावतं, गोळी पोटातच पडून राहते किंवा उलटीवाटे बाहेर येते. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली अ‍ॅव्होमिन निघण्यापूर्वी तास-दोन तास घ्यायची असते. तिने झोप येते, त्यामुळे वर मद्य नको. ज्येष्ठांचा गट आहे, तेव्हा काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, ही ओळ ठळक छापा.

कारण एका वाक्यात सांगा: कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव ‘आपण हलतोय’ म्हणतो, डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, आणि मेंदूचा गोंधळ होतो. एवढं समजलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा, म्हणजे डोळे आणि कान एकच सांगतील. खोलीत बसून मोबाइल किंवा पुस्तक नको. ‘मिडशिप लोअर डेक’चं ‘जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची खोली’ करा; सी-सॉच्या फळीसारखं, मध्यभागी हेलकावे सगळ्यात कमी बसतात. वरच्या मजल्यावरची बाल्कनीची खोली महाग असते आणि हलतेही जास्त, हे मात्र पत्रकात सहसा नसतं. तुम्ही घाला.

खाण्याबद्दल ‘लाइट मील’चं ‘हलका आहार’ ठीक आहे, पण ‘उपाशी राहू नये’ हेही जोडा. ‘पोटात काही नसलं की उलटी होत नाही’ असं समजून चहावर निघणारे पुष्कळ असतात, आणि रिकाम्या पोटी त्रास वाढतो. कुरमुरे, खारी बिस्किटं, आलेपाक बरोबर ठेवायला सांगा. आल्याने काहींची मळमळ कमी होते.

बाईंनी आणखी एक विचारलंय: उतरल्यावरही डुलल्यासारखं वाटतं, त्याला शब्द? फ्रेंचांनी ‘माल द देबार्कमां’ असं नाव दिलंय, मराठीत एकशब्दी नाव रूढ नाही. तुम्ही लिहा: ‘उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटू शकते, घाबरू नये. जास्त दिवस टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं.’